पडलेलं झाड कापताना चेन सॉचा बार अडकतो, धूर येतो. नेमकं काय चुकतंय?

प्रश्न : अंगणवाट

वादळात एक मोठं झाड मुळासकट उलथून पडलंय. बुंध्याकडे खोडाचा व्यास साधारण ५५ सेंमी, पुढे बारीक होत जातो. मुळांचा गड्डा मातीसकट उभा राहिलाय, जवळजवळ पुरुषभर उंच, आणि त्याच्या मागे मोठा खड्डा पडलाय. शेंड्याकडची बाजू जाड फांद्यांवर टेकली आहे, त्यामुळे मधलं खोड जमिनीपासून गुडघाभर वर, अधांतरी. शेजारचं मनगटाएवढं जाड एक कोवळं झाडही या खोडाखाली दबून कमानीसारखं वाकलंय. विजेची तार जवळपास नाही.

मशीन पेट्रोलचं आहे, बार (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) १६ इंची, चेन नवीन बसवलेली. हाताला लागणाऱ्या बारीक फांद्या काढून झाल्या. मग खोडाच्या मधोमध वरून काप घेतला, तर निम्म्यापर्यंत जायच्या आतच बार आवळला गेला आणि इंजिन बंद पडलं. मशीन अजून तिथेच अडकलेलं आहे. त्याआधीही चेन नीट खात नव्हती. पिठासारखा भुसा पडत होता, धूर येत होता आणि मशीन दाबून धरावं लागत होतं.

१. अडकलेलं मशीन कसं सोडवायचं?
२. खोडाचे तुकडे करताना काप कोणत्या बाजूने घ्यायचा, हे कसं ठरवतात?
३. नवीन चेन असून धूर का?
४. कामाचा क्रम काय ठेवावा? शेंड्याकडून तुकडे करत बुंध्याकडे यायचा विचार आहे.

---

उत्तर : करवतकाम

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो.

मशीन ओढून काढायला जाऊ नका. अशा ओढाताणीत बार वाकतो, चेन खोबणीतून उतरते, आणि खोड अचानक सैल झालं तर मशीन थेट अंगावर येतं. इंजिन बंद असल्याची खात्री करा, प्लगची टोपी काढून ठेवा. कापाच्या वरच्या तोंडात, बारपासून थोडी लांब, प्लॅस्टिकची किंवा कडक लाकडाची पाचर ठेवून हातोडीने हळूहळू ठोका. लोखंडी पाचर नको; पुढे कधीतरी चेनचे दाते तिला लागतातच. पाचरीने काप उघडत नसेल तर कापाच्या जवळ खोडाखाली जॅक लावून अगदी थोडं उचला. मधला भाग वर उचलला गेला की वरची फट उघडते. उचलताना मान किंवा पाय खोडाखाली येऊ देऊ नका.

एवढं करूनही सुटलं नाही, तर बारवरचे दोन नट काढा, बाजूचं झाकण उतरवा आणि इंजिन मोकळं करून बाजूला घ्या. बार आणि चेन लाकडातच राहू द्या. मग दुसऱ्या मशीनने किंवा हातकरवतीने त्या कापापासून निदान ३० सेंमी अंतरावर नवा काप घ्या. दुसरं मशीन पहिल्याच्या अगदी शेजारी चालवलं तर चेनला चेन लागते, नाहीतर दोन्ही मशीनं एकाच ठिकाणी अडकून बसतात.

आता, मशीन का अडकलं ते बघू. पडलेल्या खोडात एका बाजूचे तंतू दाबले गेलेले असतात आणि विरुद्ध बाजूचे ताणलेले असतात. दाबाच्या बाजूने काप घेतला की तो मिटत जातो आणि बार आवळतो. ताणाच्या बाजूने घेतला की काप उघडत जातो, पण फार लवकर उघडला तर लाकूड चिरफाळतं किंवा उसळतं. तुमचं खोड दोन्ही टोकांना टेकलेलं आणि मध्ये अधांतरी आहे. म्हणजे मध्यभागी वर दाब, खाली ताण. तुम्ही दाबाच्या बाजूने निम्म्यापर्यंत गेलात, त्यामुळे बार आवळला जाणारच होता.

अशा खोडाला पहिला काप वरून, जास्तीत जास्त एक तृतीयांश जाडीपर्यंत. त्यानंतर खालून वर, बारच्या वरच्या धारेने, पहिल्या कापाला मिळेपर्यंत. वरचा काप फार लवकर मिटत असेल तर तिथून पाचरीच्या आकाराची पातळ फोड काढून टाका, म्हणजे मिटायला जागा राहते.

एकच टोक टेकलेलं आणि दुसरं हवेत लोंबतंय, अशा तुकड्याला याच्या बरोबर उलट. तिथे ताण वर आणि दाब खाली. म्हणून पहिला काप खालून एक तृतीयांश, मग वरून कापत खालच्या कापाला मिळायचं. इथे आधी वरूनच कापत गेलं तर लोंबणारा भाग स्वतःच्या वजनाने मोडतो आणि खालचं लाकूड लांबच्या लांब सोलून निघतं.

खोड पूर्ण जमिनीवर पसरलेलं असेल तर वरून तीन चतुर्थांश कापून थांबा, पहारीने ओंडका फिरवा आणि उरलेला भाग वरूनच कापा. चेन मातीला लागू द्यायची नाही; क्षणभर लागली तरी धार जाते, दगड असेल तर दातेच तुटतात.

खोड आडव्या दिशेने वाकलेलं असलं, म्हणजे दोन बुंध्यांच्या मध्ये अडकून कडेला बाक आलेला असला, तर फुगीर बाजूला ताण असतो. सुटलेली टोकं फुगीर बाजूकडे उडतात. त्यामुळे उभं राहायचं ते आतल्या, खोलगट बाजूला. आधी त्याच बाजूने थोडा काप, मग पलीकडून.

अंदाज येत नसेल तर दोन-तीन सेंमी खोल काप घ्या, बार बाहेर काढा आणि फट बघा. बारच्या जाडीला जेवढी जागा होती तेवढीच राहिली, अरुंद झाली की रुंदावली? काप चालू असतानाही नजर या फटीवर ठेवा. ती केसभर मिटायला लागली की त्याच क्षणी बार बाहेर घ्यायचा. इंजिनाचा आवाज बसेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो.

तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. १६ इंची बार म्हणजे साधारण ४० सेंमी, आणि बुंध्याकडे खोड ५५. तिथे एका बाजूने काप पुरा होणार नाही. खडूने पूर्ण वेढा आखून घ्या, एका बाजूने जेवढं जाईल तेवढं कापा, मग पलीकडे जाऊन त्याच रेषेत कापा. रेषा चुकली की दोन काप जुळत नाहीत आणि मध्ये पायरी राहून बार तिथेच घट्ट बसतो.

---

उत्तर : गोलकानस

तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

चेन नवी, भुसा पिठासारखा, धूर, आणि दाबावं लागतंय. हे सगळं एकत्र आलं की पहिली शंका चेन उलटी बसली असण्याची. मशीन बंद करून बारच्या वरच्या कडेकडे बघा. तिथे दात्यांची धारदार टोकं बारच्या नाकाकडे, म्हणजे इंजिनापासून लांब, रोखलेली असायला हवीत. ती तुमच्याकडे रोखलेली दिसली तर चेन उलटी आहे. उलटी चेन कापत नाही, नुसती घासते. बऱ्याच मशीनच्या झाकणाखाली किंवा बारवर दिशेचं चित्र कोरलेलं असतं.

चेन सरळ असेल तर ब्रेक बघा. पुढचं हातरक्षक पुढे ढकललेलं म्हणजे ब्रेक लागलेला. ब्रेक लागलेला असताना रेस दिली तर क्लच घसरत राहतो, तापतो आणि धूर बाजूच्या झाकणातून येतो. हा धूर लाकडाचा नसतो. असं दोन-चार वेळा झालं तरी क्लच आणि ब्रेकपट्टा जळतो.

मग तेल. चेनच्या टाकीत तेल आहे एवढं पुरत नाही, ते बारपर्यंत पोचायला हवं. बारचं नाक एखाद्या स्वच्छ, फिक्या रंगाच्या लाकडापासून २० सेंमी लांब धरा आणि पाऊण रेसवर मिनिटभर चालवा. लाकडावर तेलाची बारीक रेघ उठली पाहिजे. उठली नाही तर बार काढा, खोबणीतला भुसा पातळ पट्टीने खरवडा, बारच्या मागच्या टोकाजवळचं तेलाचं बारीक छिद्र तारेने मोकळं करा. चेनचं तेल चिकट असतं म्हणून ते वेगात उडून जात नाही. इंजिनातून काढलेलं जुनं तेल घालू नका. त्यातले धातूचे कण पंप आणि बार दोन्ही खातात. पेट्रोलची टाकी संपेपर्यंत तेलाची टाकीही जवळपास संपायला हवी. तेल भरपूर उरत असेल तर ते चेनला मिळत नाहीये.

हे तिन्ही ठीक असेल तर चेन बोथट झाली. नवी चेनसुद्धा मातीला एकदा लागली की बोथट होते, आणि पडलेल्या झाडाच्या सालीत माती-वाळू भरलेली असतेच. काप घेण्याच्या जागेची साल कुऱ्हाडीने झाडून घेतली तरी चेन पुष्कळ जास्त टिकते. बोथट दाता ओळखायचा तर तो उजेडाकडे धरून धारेच्या कडेला बघा. कडेवर पांढरी बारीक रेघ चमकली तर ती कड गोल झालेली आहे. खऱ्या धारेवर उजेड थांबत नाही, तिथे काहीच चमकत नाही. धार चांगली असेल तर जाड, चौकोनी ढलप्या पडतात आणि मशीन स्वतःच्या वजनाने खाली उतरतं.

धार लावायला गोल कानस चेनच्या मापाची हवी. १६ इंची बारवर बहुतेक वेळा ३/८ इंच लो प्रोफाइल किंवा ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे चेनच्या दुव्यांमधल्या अंतराचं माप) चेन असते. पहिलीला ४ मिमीची कानस, दुसरीला ४.८ मिमीची. अंदाजाने ठरवू नका, पिच बारवर कोरलेला असतो तो वाचा. चुकीच्या मापाची कानस दात्याचा आकारच बिघडवते.

बार शिकंज्यात किंवा ओंडक्यात घेतलेल्या खाचेत पक्का धरा. जाड हातमोजे घाला. सुरुवातीच्या दात्यावर पेनाने खूण करा. कानस दात्याच्या आतल्या बाजूकडून बाहेर, बहुतेक चेनना ३० अंशांत, आणि तिचा साधारण पाचवा हिस्सा दात्याच्या वर राहील अशी धरा. फक्त पुढे जाताना घासायचं, मागे आणताना उचलायची. प्रत्येक दात्याला सारखे फेर, तीन असतील तर सगळ्यांना तीन. एका बाजूचे सगळे दाते झाले की मशीन फिरवून दुसऱ्या बाजूचे. सगळ्यांत आखूड दाता शोधून बाकीचे त्याच्या लांबीला आणा. डावीकडचे लांब आणि उजवीकडचे आखूड राहिले की काप सरळ उतरत नाही, एका बाजूला वळतो, आणि वळलेल्या कापात बार पुन्हा अडकतो. दाता ४ मिमीपर्यंत झिजला किंवा त्याच्यावरच्या खुणेपर्यंत आला की चेन बदला.

प्रत्येक दात्याच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो, तो दात्याने एका वेळी किती लाकूड घ्यायचं ते ठरवतो. दात्याच्या टोकापेक्षा तो साधारण ०.६५ मिमी खाली असतो. दाते घासले जातात तसा हा फरक कमी होतो, म्हणून तीन-चार वेळा धार लावल्यावर गेज ठेवून चपट्या कानशीने तो बेताने उतरवायचा. चेन जास्त खाईल म्हणून हे उंचवटे भरपूर घासणारे लोक आहेत. तसं कधीच करू नका. मग दाता झेपणार नाही एवढं लाकूड पकडतो, मशीन हिसके मारतं आणि किकबॅक, म्हणजे बार उसळून अंगावर येणं, कितीतरी जोराचा बसतो.

चेनचा ताण थंड असताना तपासा. खालच्या बाजूला ती बारला चिकटलेली हवी, हातमोज्याने ओढली तर सहज सरकायला हवी, आणि मधोमध वर उचलली तरी खालचे दुवे खोबणीतून पूर्ण बाहेर यायला नकोत. नट आवळताना बारचं नाक वर उचलून धरा, नाहीतर काम सुरू झाल्यावर चेन लगेच सैल पडते. नवी चेन पहिल्या अर्ध्या तासात लांबते, दोन-तीनदा ताण बघावा लागतो. आणि गरम असताना ताण वाढवला असेल तर काम संपल्यावर चेन सैल करून ठेवा. थंड होताना ती आखडते आणि क्रँकशाफ्ट, बेअरिंगवर जोर येतो.

---

उत्तर : सावधरान

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमच्या विचारातला क्रम जिवावर बेतू शकतो.

शेंड्याकडून तुकडे करत बुंध्याकडे येऊ नका. मुळांचा तो गड्डा आत्ता उभा राहिलाय तो खोडाच्या आणि शेंड्याच्या वजनाने पलीकडून दाबून धरलाय म्हणून. एकेक तुकडा काढत गेलात की ते वजन कमी होत जातं. एका क्षणी गड्डा जिंकतो आणि उरलेल्या बुंध्यासकट मागे खड्ड्यात बसतो. आडवं खोड अचानक उभं राहतं. कापणारा माणूस त्याच्यावर वाकलेला असेल तर मशीनसकट उडवला जातो, आणि खड्ड्यात कुणी असेल तर चिरडला जातो. हे नेमकं कधी होईल ते बघून सांगता येत नाही. कधी काप पुरा व्हायच्या आत होतं, कधी तुकडा पडून गेल्यावर बऱ्याच वेळाने.

म्हणून खोड अखंड आणि जड असतानाच गड्ड्याचा बंदोबस्त करायचा. आधी गड्ड्याच्या मागे, खड्ड्यात आणि आजूबाजूला कुणी नाही ना ते बघा. मुलं आणि जनावरं अशा खड्ड्यात हमखास उतरतात. गड्डा विंचने (दोर गुंडाळून जड वस्तू ओढणाऱ्या यंत्राने) किंवा मजबूत लोखंडी दोराने दुसऱ्या पक्क्या बुंध्याला बांधून धरता आला तर उत्तम. मग गड्ड्यापासून थोडं अंतर सोडून काप घ्यायचा. गड्डा मागे न जाता पुढे, खोडाच्या बाजूला कलंडेल असं वाटत असेल तर बुंधा त्याला टेकू देईल इतका लांब ठेवा.

करवतकाम यांनी सांगितलेला दाब-ताणाचा नियम इथे नुसता आठवून लावू नका. खोडाच्या मध्यभागी वर दाब असला तरी मुळांजवळ तो उलटा असू शकतो. गड्डा मागे ओढतोय, त्यामुळे तिथे वरचे तंतू ताणलेले आणि खालचे दाबलेले असतात. उथळ काप घेऊन फट बघणं मुळांजवळ सगळ्यांत जास्त गरजेचं आहे. वरची फट उघडत असेल तर आधी खालून थोडा काप, शेवट वरून. उभं राहायचं खोडाच्या बाजूला, पाय मोकळे, मागे सरकायची वाट आधीच साफ केलेली. खोडावर चढून हा काप कधीही घ्यायचा नाही. आणि ५५ सेंमीच्या बुंध्याला १६ इंची बार म्हणजे पलीकडच्या बाजूलाही जावं लागणार. अर्धवट कापलेल्या खोडाला वळसा घालणं आलं. गड्डा बांधता येत नसेल तर हा एक काप मोठ्या बारचं मशीन आणि विंच असलेल्या माणसाकडून करून घ्या. बाकीचं काम तुम्ही करू शकाल.

त्याच्याही आधी ते वाकलेलं कोवळं झाड. त्याच्यात साठलेला जोर जाडीवरून कळत नाही. कमानीच्या माथ्यावर एक काप दिला तर ते फटकन सुटतं, जबड्यावर बसतं किंवा मशीन उडवतं. ताण सर्वांत जास्त कुठे आहे ते असं काढा. ते जमिनीतून जिथे वर येतं तिथून सरळ उभी रेघ मनात धरा. कमानीच्या सर्वांत उंच जागेवरून आडवी रेघ धरा. दोन्ही जिथे छेदतात तिथून ४५ अंशांत कमानीकडे उतरा. ती रेघ वाकलेल्या झाडाला जिथे लागते, ती जागा. तिथे आतल्या, खोलगट बाजूने बारने पातळ पातळ ढलप्या काढत राहा, त्या जागेच्या वर-खाली ५ ते १० सेंमीच्या पट्ट्यात. तंतू कमी होतात तसं ते हळूहळू खाली बसतं, जोर निघून जातो, मग तोडा. ते ज्या बाजूला सुटू शकतं त्या बाजूला उभं राहू नका. आणि मोठ्या खोडाचं वजन त्याच्यावर पेललेलं नाही ना, हे आधी बघा. तसं असेल तर खोडाखाली आधी भक्कम ओंडके घालून घ्या.

आता किकबॅक. बारच्या नाकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला, समोरची फांदी असो की कापाच्या आतलं लाकूड, तर चेन तिथे अडकते आणि सगळा जोर बारला वर आणि तुमच्याकडे फेकतो. हात हलवायला वेळच मिळत नाही. म्हणून तो बसण्याआधीची तयारी हाच इलाज. दोन्ही हात मशीनवर, डाव्या हाताचा अंगठा पुढच्या दांड्याखालून वेढलेला, डावा कोपर सरळ. अंगठा वर ठेवला तर हात दांड्यावरून सुटतो आणि ब्रेकही लागत नाही. डोकं आणि खांदा बारच्या रेषेत नको, रेषेच्या डावीकडे. खांद्याच्या वर मशीन न्यायचं नाही, शिडीवर चढून चालवायचं नाही. लाकडाला टेकवण्याआधी पूर्ण रेस. बारच्या बुडाशी जे लोखंडी काटे असतात ते लाकडात टेकवून त्यांच्यावर मशीन वळवलं तर नाक आपोआप काबूत राहतं.

बारच्या खालच्या धारेने कापताना मशीन पुढे खेचलं जातं, वरच्या धारेने कापताना तुमच्याकडे ढकललं जातं. खालून काप घेताना हा ढकला मांडीच्या आधाराने पेलावा लागतो, आणि नाक आत कुठे टेकत नाही ना याकडे सारखं लक्ष द्यावं लागतं.

ब्रेकची चाचणी दिवसाच्या सुरुवातीला घ्या. मशीन दोन्ही हातांनी धरून पूर्ण रेस द्या आणि मनगट पुढे दाबून ब्रेक लावा. चेन तत्क्षणी थांबली पाहिजे. रेस सोडल्यावर चेन रेंगाळत फिरत राहत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा. तरी थांबत नसेल तर क्लचच्या स्प्रिंगा गेल्या आहेत, त्या बदलेपर्यंत मशीन वापरू नका. दोन पावलांपेक्षा जास्त चालायचं असेल, फांदी बाजूला करायची असेल, कपाळावरचा घाम पुसायचा असेल, तर आधी ब्रेक.

सुरू करताना मशीन जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजव्या बुटाचं टोक मागच्या मुठीत, डावा हात पुढच्या दांड्यावर. हवेत सोडून दोरी ओढायची सवय फार दिसते. त्यात बार कुठे जाईल यावर कसलाच ताबा नसतो.

अंगावर काय हवं ते तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. हेल्मेट, जाळीची झापड, आणि तिच्या आत चष्मा, कारण जाळीतून बारीक भुसा येतो. कानाला मफ, पेट्रोल मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या वर असतो. पोलादी टोकाचे बूट. आणि चेन सॉसाठी बनवलेली पँट. तिच्या आतले लांब धागे चेनबरोबर ओढले जातात आणि स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) गुंतून चेन थांबवतात. वर्ग १ ची पँट २० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या चेनसाठी तपासलेली असते, वर्ग २ ची २४ साठी. धागे एकदा कापले गेले की पँट बाद. जीन्स किंवा दोन पँट एकावर एक घालून हे काम होत नाही. ओढणी, उपरणं, मोकळ्या बाह्या अजिबात नकोत.

दुसरा माणूस हाकेच्या अंतरावर हवा, पण तुकडे करत असताना ५ मीटरच्या आत नको. त्याच्याकडे जखमेवर दाब देऊन बांधायच्या जाड पट्ट्या असाव्यात, आणि त्या कुठे ठेवल्यात हे दोघांनाही माहीत असावं.

---

अंगणवाट

सगळ्यांचे आभार. चेन उलटीच बसली होती, टोकं माझ्याकडे होती. मशीन नट काढून मोकळं केलंय, बार अजून खोडात आहे. गड्ड्याचा काप विंचवाल्याकडून करून घ्यायचं ठरवलंय, तोवर खोडाला हात लावत नाही.

दोन शंका. खालून काप घेणं मला जमेल असं वाटत नाही. त्याला पर्याय आहे का? आणि उलट्या चेनने एवढं घासल्यावर काही खराब झालं असेल का?

---

उत्तर : करवतकाम

पर्याय आहे, आणि सवय नसलेल्याने तोच वापरावा. कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना खोडाखाली ओंडके रचून, वर पाचर मारून टेकू घट्ट करा. टेकू काप घेण्याआधी द्यायचा. कापाच्या दोन्ही अंगांना आधार असला की खोड खाली झुकायला जागा राहत नाही. वरून कापत जा, एक तृतीयांश गेल्यावर कापात प्लॅस्टिकची पाचर हलकेच बसवा आणि तिच्यापर्यंत न पोचता काप पुरा करा. टेकवलेले ओंडके घरंगळू नयेत म्हणून त्यांना बाजूने खुंट्या मारा. उतार असेल तर नेहमी चढाच्या बाजूला उभं राहा, तुटलेला ओंडका उताराकडेच जाणार.

शेंड्याकडच्या फांद्या सगळ्या एकदम छाटू नका. खोड ज्यांच्यावर टेकलंय त्या फांद्या शेवटपर्यंत ठेवा. बाकीच्या बुंध्याकडून शेंड्याकडे जात काढा, खोड तुमच्या आणि मशीनच्या मध्ये राहील असं उभं राहून. मशीनचं वजन खोडावर टेकवत सरकवलं तर हातही कमी भरून येतात. पलीकडच्या बाजूला जायचं असेल तर आधी ब्रेक लावून मग वळसा.

---

उत्तर : गोलकानस

उलट्या चेनने दात्यांची पाठ घासली गेली असेल. चेन सरळ बसवून आधी प्रत्येक दात्याला दोन-तीन फेर द्या, मग कापून बघा. बार सुटून हातात आला की त्याच्या दोन्ही कडांवरून बोट फिरवा, मोजे घालून. कड बाहेर वळून धारेसारखी लागत असेल तर चपट्या कानशीने ती उतरवा. खोबणीच्या दोन्ही भिंती सारख्या उंचीच्या आहेत का ते सपाट जागेवर बार उभा धरून बघा. बार एका बाजूला कलला तर एक भिंत झिजली आहे. निळसर-काळा डाग दिसला तर तिथे बार फार तापला होता. डाग मोठा असेल आणि कानस तिथलं लोखंड सहज खात असेल तर बार बदला. परत बसवताना बार उलटा करून बसवा, वरची कड खाली. प्रत्येक वेळी धार लावताना असंच फिरवत गेलं तर दोन्ही कडा सारख्या झिजतात.

बंद पडलेलं मशीन बरेच दिवस तसंच राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल-ऑइलचं मिश्रण काढून ठेवा. ५०:१ चं मिश्रण म्हणजे लिटरला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल, ५ लिटरला १०० मिली. ते महिन्याभरात संपेल एवढंच बनवायचं, नंतर ते खराब होत जातं आणि मशीन सुरू व्हायला त्रास देतं. तुमच्या मशीनच्या टोपीवर किंवा पुस्तिकेत दुसरं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. भरताना इंजिन थंड हवं, आणि भरलेल्या जागेपासून निदान ३ मीटर लांब जाऊन सुरू करा.

---

उत्तर : सावधरान

विंचवाला येईपर्यंत त्या गड्ड्याभोवती आणि खड्ड्याभोवती आजच दोर बांधून घ्या. खोडात अर्धवट काप आधीच आहे, त्यामुळे ते पहिल्याइतकं भक्कम राहिलेलं नाही. त्याच्यावर कुणी बसणार नाही, मुलं चढणार नाहीत, एवढं बघा. पाऊस झाला तर गड्ड्यातली माती सुटते आणि वजनाचा तोल बदलतो. पावसानंतर जवळ जायच्या आधी लांबूनच बघा की खोडाची उंची, गड्ड्याचा कल आणि कापाची फट आधीसारखीच आहे का. विंचवाल्याला अर्धवट कापाची जागा आणि खोली आल्या आल्या सांगा, दोर कुठे बांधायचा ते त्याला त्यावरून ठरवावं लागेल.